सतरा पंचमांशाची परीक्षा

माझ्या सासऱ्यांच्या घरात कधी पावणेसहा वाजले नाहीत. पाच वाजायचे, सव्वापाच वाजायचे, साडेपाच वाजायचे, त्यानंतर पाच पूर्णांक तीन चतुर्थांश वाजायचे आणि मग सहा. ‘पावणे’ हा शब्द डिंगोऱ्यातल्या त्या घराच्या उंबऱ्याआत काढायला बंदी होती. कारण विचारलं की ते चष्मा कपाळावर सरकवून सांगत, “पावणेसहा म्हणणारा माणूस काय नाही तेवढंच मोजतो. पाव कमी, पाव कमी म्हणून रडतो. अरे, पाच अख्खे आहेत, वर तीन पाव आहेत. असलेलं मोज की.” एवढं ऐकून होईपर्यंत विचारणाऱ्याची एसटी निघून गेलेली असायची.

सव्वा आणि साडे यांच्यावर त्यांचा राग नव्हता, कारण ते दोघं वर काय आहे ते सांगतात. दीड आणि अडीच यांना त्यांनी वयाकडे बघून माफ केलं होतं. “जुनी माणसं हायेत ती, त्यांना आता काय बोलायचं,” असं म्हणत.

सगळं गाव त्यांना गुरुजी म्हणायचं. लग्नानंतर मी रीतीप्रमाणे मामा म्हणायला लागलो, पण तोंडात गुरुजीच बसलं होतं, म्हणून इथंही तेच म्हणतो. मी त्यांचा विद्यार्थी नव्हतो, हे माझं नशीब. मढच्या बाजूच्या वाड्यावस्त्यांवर त्यांनी उभी नोकरी काढली, आणि त्या नोकरीत पाचवीच्या गणितातलं एकच प्रकरण जीव ओतून शिकवलं: अंशाधिक अपूर्णांकाचा पूर्णांकयुक्त अपूर्णांक करणे. पुस्तकात ते जेमतेम दीड पान आहे. बाकीचं पुस्तक ते दिवाळीच्या आत उरकायचे आणि मग निवांतपणे या दीड पानावर मुक्कामाला यायचे.

शाळा सोडून ज्यांना बरीच वर्षं झाली त्यांच्यासाठी सांगतो. वरचा आकडा खालच्यापेक्षा मोठा असला की तो अपूर्णांक अंशाधिक. गुरुजी त्याला डोईजड म्हणत. सतरा पंचमांश हा त्यांचा आवडता. पाचानं सतराला भागायचं, तीन वेळा भाग जातो, ते तीन पूर्णांक म्हणून ऐटीत पुढे मांडायचे. उरले दोन. ते दोन पाचाच्या डोक्यावर ठेवायचे आणि तिनाच्या शेजारी बसवायचे. तीन पूर्णांक दोन पंचमांश. गुरुजींनी याचा एक घोष केला होता आणि पोरं तो प्रार्थनेसारखा म्हणत: “भागाकार पुढं, बाकी शेजारी, छेद जागच्या जागी.”

पोरं अर्थातच बाकी विसरायची. तीन लिहून मोकळी व्हायची. गुरुजींनी कधी कुणाला छडी लावली नाही, पण बाकी टाकून देणाऱ्याला ते मैदानावर पिटाळायचे. “जा, टाकलेली बाकी हुडकून आण.” पोरगं बिचारं तास संपेपर्यंत उन्हात दोन पंचमांश शोधत फिरायचं. एकदा एक महाभाग दोन्ही काखांत एकेक करडू धरून वर्गात परत आला. “गुरुजी, ही दोन मोकळीच हिंडत व्हती.” गुरुजींनी करडं टेबलाच्या पायाला बांधली, फळ्यावर करडांच्या शेजारी येईल असा मोठा तीन काढला आणि पोराला पैकीच्या पैकी मार्क दिले. करडं शाळेमागच्या म्हातारीची निघाली. तिनं गुरुजींना ज्या शिव्या दिल्या, त्यांना कुठल्याही आकड्यानं भागलं असतं तरी काहीतरी उरलंच असतं.

निवृत्त झाल्यावर माणूस सुधारेल, ही गावाची आशा फोल ठरली. उलट वर्ग गेल्यामुळे सगळा तालुकाच त्यांचा वर्ग झाला. सदऱ्याच्या खिशात खडू कायम असायचा. मढहून ओतूरला येणाऱ्या जीपचा किस्सा तिकडे अजून सांगतात. जीप भरून, मागे माणसं लोंबकळलेली, आणि गुरुजी आतून ड्रायव्हरला विचारतायत, “बसायची जागा किती जणांची?”

“नऊ.”

“बसलेत किती?”

“तुमाला धरून सोळा, गुरुजी.”

“म्हंजे सोळा नवमांश. डोईजड गाडी हाय ही. एक पूर्णांक सात नवमांश कर, मग चल.”

“करतो की,” ड्रायव्हर म्हणाला. तो त्यांचाच विद्यार्थी. “पर ती सात नवमांश गाडी आणू कुठनं? शेजारी हातगाडी जोडू का?”

जीप हसली. गुरुजी शांतपणे उतरले. “मी उतरलो की पंधरा नवमांश राहतात. निदान सोपं रूप तरी मिळंल तुला. एक पूर्णांक दोन तृतीयांश.” आणि चालायला लागले. ड्रायव्हरनं पुढच्या फाट्यावर गाडी थांबवून त्यांची वाट पाहिली, आणि गुरुजी आले तसे निमूटपणे सोळावे म्हणून परत चढले. तत्त्व सांगून झालं होतं आणि ऊनही फार होतं.

दशांश अपूर्णांकाला ते माणसांत धरत नसत. मोबाईलवर कुणी भागाकार केला आणि ‘तीन पॉइंट चार’ म्हणालं की गुरुजी तोंड कडू करत. “चाराचा आन् त्या पाचाचा काय संबंध? कुणाचे तुकडे हायेत हे कळायला नको?” या माणसाशी वाद घालून कुणाला काही मिळालं आहे असं माझ्या ऐकिवात नाही. सगळ्यांनी हात टेकले होते. मला तर त्याच्या दारात पोहे खायला जायचं होतं.

आता माझं सांगतो. मी अवसरी बुद्रुकचा. मंचरला मोटार रिवायंडिंगचं दुकान. विहिरीवरच्या जळक्या मोटारी माझ्याकडे येतात आणि तांब्याची नवी तार लेवून परत जातात. धंदा बरा चालतो, पण आमच्या भागात हल्ली शेती आणि धंदा करणाऱ्या पोरांना कुणी मुलगी देत नाही. बायोडाटात पुण्याचा फ्लॅट लागतो. माझ्यात ‘जळकी मोटार त्याच दिवशी दुरुस्त’ एवढंच लिहिण्यासारखं होतं. स्थळं यायची, चहा प्यायची आणि कळवतो म्हणून जायची ती आजतागायत कळवतायत.

अशात एका मध्यस्थानं डिंगोऱ्याचं स्थळ आणलं. मुलगी ओतूरला मेडिकलच्या दुकानात नोकरीला, वागायला सरळ, आई नाही, वडील निवृत्त शिक्षक. “एकच गोष्ट हाय,” मध्यस्थ म्हणाला, आणि मग दोन सांगितल्या. एक, मुलीचं हे दुसरं लग्न आणि तिला एक लहान मुलगी आहे. दोन, बाप जरा तसा आहे.

पहिल्या लग्नाचं मला नंतर कळलं ते एवढंच. पहिला जावई पुण्यात इंजिनियर होता. इंजिनियरला काय पाटी-खडू द्यायचा, म्हणून गुरुजींनी त्याला काही विचारलं नाही. मुलगी झाल्यावर त्या माणसाला आठवलं की आपल्याला संसार मानवत नाही. मायलेकी डिंगोऱ्याला परत आल्या, पुढे रीतसर फारकत झाली. त्यावर गुरुजी फक्त इतकंच म्हणत, “त्याची परीक्षा घ्यायची राहिली.”

ती चूक त्यांनी पुन्हा होऊ दिली नाही. नंतर जो जो बघायला आला, त्याच्या हातात पोह्यांच्या आधी पाटी पडली. पाटीवर सतरा पंचमांश. एकानं मोबाईल काढून पॉइंट चार सांगितलं. एक म्हणाला, “सव्वातीन धरा.” कुणी साडेतीन म्हणाला. आळेफाट्याकडच्या एका बागायतदारानं तर पाटी तशीच परत केली, “तीन लिहा गुरुजी, वरच्या दोनानं काय व्हतंय?” गुरुजींनी त्याला पोहे दिले, चहा दिला, गावच्या वेशीपर्यंत सोडायला गेले आणि वेशीतून परत येताना मध्यस्थाला म्हणाले, “याला पुन्हा आणू नका.”

आम्ही गेलो तेव्हा बरोबर माझे चुलते होते, तात्या. वडील गेल्यापासून आमच्या घरातलं बोलण्याचं खातं त्यांच्याकडे आहे. आई आली नव्हती. ‘आधी बगून या, मग बोलू’ म्हणाली होती, आणि तिच्या ‘मग बोलू’चा मला कायमच धसका आहे.

गुरुजींनी पाटी दिली. मी आयटीआयवाला. वेटोळी मोजण्यापुरतं गणित हाताला आहे, पुस्तकातलं कधीच विरलेलं. तरी बसलो.

“पाच त्रिक पंधरा,” मी म्हणालो. “तीन वेळा गेला. दोन उरले.”

“मग?”

“मग ते दोन कुठंतरी लिहायचे असतात. कुठं ते आठवत नाही.”

तात्या कानाशी लागले. “सोडून दे की. दोनच तर हायेत.”

“सोडू कसे? उरलेत ना ते, तात्या. दिसतायत.”

गुरुजींनी पाटी काढून घेतली. माझ्या तिनाच्या शेजारी दोन पंचमांश काढले, चष्मा कपाळावर नेला आणि आतल्या दाराकडे बघून म्हणाले, “उत्तर अर्धवट हाय. पण पोहे आणा.” मग माझ्याकडे वळले. “घ्या, पावणं.” तेव्हापासून ते मला शेवटपर्यंत पावणंच म्हणत राहिले. एवढा एक शब्द त्या घरात माझ्यामुळे चालला.

दोघांनी बोलून घ्या म्हणून आम्हाला मागच्या पडवीत पाठवलं. तिनं आडवळण घेतलं नाही. “माझी मुलगी माझ्याबरोबर येणार. आत्ता येणार, नंतर नाय. ते जमत नसंल तर राग नाय माझा. पोहे मात्र संपवून जा, चांगले झालेत.”

“ती पाटी काय प्रकार आहे?” मी विचारलं.

“आण्णांचं येड हाय ते. पण एक सांगते. आत्तापर्यंत ज्यांनी ते दोन उडवले ना, त्या सगळ्यांनी मागनं हेच सांगितलं. पोरगी आजोबांकडं राहू द्या, नंतर बघू.” “आण्णा म्हणतात, ज्याला पाटीवरचं उरलेलं दिसत नाय, त्याला घरातलं काय दिसणार.”

तेवढ्यात ते उरलेलं स्वतःच पडवीत आलं. स्वरा नाव. वय वर्षं पाच, पुढचा एक दात पडलेला. “तुम्ही मोटारवाले का? आमचा पंखा घरघर करतो,” असं म्हणून तिनं मला हाताला धरून पंख्याखाली नेलं. मी बघायला गेलो होतो आणि खुर्चीवर उभा राहून पंख्याच्या वाट्या खोलत होतो. तात्यांनी कपाळाला हात लावला. मला मात्र त्या घरात पहिल्यांदाच बरं वाटलं, आणि खरं सांगतो, खुर्चीवरून उतरायच्या आत माझा निर्णय झाला होता.

आईचा झाला नव्हता. आई सगळं ऐकून घेऊन म्हणाली, “पोरगी चांगली हाय म्हंता, मग आणा. मला काय दुसरेपणाचं न्हाई. पर ते लेकरू तिकडंच ऱ्हाऊ द्या. माझ्या लेकाचं पहिलंच लगीन हाय. लोक इचारतील, वरातीत पोर कुणाचं, तर काय सांगू?”

“माझं म्हणून सांग,” मी म्हणालो.

“लई शाना झालास,” एवढं म्हणून तिनं माझ्याशी बोलणं टाकलं. वाढायची, पण ताट आपटून. तात्यांनी मधला मार्ग काढला की पोरगी दोनेक वर्षं आजोबांकडे राहील, मग हळूच आणू. मी म्हणालो, नाही. डिंगोऱ्याला काय कळवायचं, ते कुणालाच सुचेना. ओतूरहून एकदा फोन आला. “नाय म्हणायचं असंल तर लवकर म्हणा,” ती म्हणाली. “स्वरा रोज पंखेवाले कधी येणार विचारते. तिला आस लागायच्या आत सांगा.”

मग गुरुजीच आले. घर बघायला म्हणून, एकटे, एसटीनं. पिशवीत डिंगोऱ्याची हिरवी मिरची आणि खिशात खडू. घराकडे त्यांनी ढुंकून पाहिलं नाही. जेवायला बसले. आईनं विचारलं, अजून अर्धी भाकरी वाढू का? “पाच द्वितीयांश झाल्यात,” गुरुजी म्हणाले. आईनं माझ्याकडे असं पाहिलं, की हेच का ते तुझं स्थळ.

“मेंढरं कवा मोडली तुमच्या माहेरची?” गुरुजींनी अचानक विचारलं.

आई चपापली. माझ्या आजोळी मेंढरं होती. आईचं लहानपण कळपामागं गेलं. शेती आली, बहिणी-भाऊ शाळेत गेले, मेंढरं मोडली, आणि त्या दिवसांबद्दल आई आमच्याजवळ फारसं बोलायची नाही. “तुमाला कुणी सांगितलं?”

“भाकरी हातावर घेऊन मोडायची तुमची रीत बघितली. माझा बापबी मेंढक्या. सोताची थोडी, बाकी अर्धलीनं राखायचा.”

अर्धली म्हणजे मेंढ्या एकाच्या आणि राखण दुसऱ्याची. जी कोकरं होतील ती निम्मी मालकाची, निम्मी राखणाऱ्याची. आता जेवण बाजूला राहिलं आणि दोघं मेंढरांवर घसरले. कुठल्या रानात वाडा बसायचा, लांडगा कुठून यायचा, लोकर कातरणारा कसा भांडायचा. आई हसत होती. कित्येक दिवसांत मी तिला हसताना बघितलं नव्हतं. आणि अगदी सहज, ताकाचा घोट घेऊन, गुरुजींनी विचारलं, “मग अर्धलीच्या मेंढ्यांना पाच कोकरं झाली तर वाटा कसा करायचे तुमच्यात?”

“कसा म्हंजे? दोन याची, दोन त्याची.”

“अन् पाचवं?”

“पाचवं दोघांचंबी. ते कुणी न्यायचं न्हाई. ते आईमागंच ऱ्हातं. दूध तुटंस्तवर आईपासनं तोडत न्हाईत. तोडलं तर मेंढी वरडून वरडून चारा सोडती, अन् मग कोकरूबी जातं, मेंढीबी जा...”

आई थांबली. गुरुजी ताक पीत राहिले. तात्यांना काहीच कळलं नव्हतं, ते म्हणाले, “आमच्यात बी आसंच व्हतं.”

“मास्तर,” आई म्हणाली, “तुमी लई बेरकी हाय.”

“मी कुठं? पाच द्वितीयांश बेरकी हाय.”

“मेंढराचं मेंढराला. माणसाला लावायचं न्हाई.” आई ताडकन उठली आणि भांडी घेऊन मोरीवर गेली. भांडी जेवढी वाजली तेवढी ती मळलेली नव्हती.

मला वाटलं, संपलं. मी गुरुजींना मंचरच्या स्टँडवर सोडायला निघालो, तर त्यांनी जाता जाता दाराच्या चौकटीवर खडूनं लिहिलं: पाच द्वितीयांश बरोबर दोन पूर्णांक एक द्वितीयांश. गाडीवर मागे बसून ते मला म्हणाले, “पावणं, तुमच्या आईला गणित येतंय. कबूल करायला येळ लागंल.” स्टँडवर उतरताना मात्र माझा खांदा धरला. “नाही जमलं तर मला सांगा, मी पोरींना सांगीन. तुमी नका सांगू.” तेव्हा मला पहिल्यांदा दिसलं की म्हातारा घाबरलेला आहे. एवढा सगळा खडूचा धुरळा त्या भीतीवर होता.

चौकटीवरचं गणित आईनं ओल्या फडक्यानं पुसलं. वाळल्यावर ते पुन्हा पांढुरकं दिसायला लागलं. तिनं पुन्हा पुसलं. लाकडात खडू मुरतो तो असा जात नाही.

पुढच्या बाजाराच्या दिवशी मी दुकानात एका मोटारीची जुनी तार उपसत होतो, तेवढ्यात आईचा फोन आला. अबोला धरल्यापासूनचा पहिलाच. मागं बाजाराचा गलका.

“त्या पोरीच्या पायाचं माप काय?”

“कुणाच्या?”

“आता किती पोरी हायेत? चप्पल बघतीय. लवकर सांग, दुकानदार खोळंबलाय.”

मी ओतूरला फोन लावला, तिकडून माप घेतलं, आईला सांगितलं. संध्याकाळी आई चप्पल घेऊन आली ती चांगली दोन बोटं मोठी. मी म्हणालो, अगं, माप सांगितलं होतं ना. “वाढता पाय हाय,” आई म्हणाली. “दरसाली कोण नवी घेणार?” एवढ्यावर आमचं लग्न ठरलं. याहून वेगळा होकार तिनं कधी दिला नाही, आणि आम्हीही मागितला नाही.

लग्न डिंगोऱ्यात देवळासमोर मांडव घालून झालं. फोटोवाला शहरातून शिकून आलेला. हार घालून झाल्यावर त्यानं आम्हाला मांडवाच्या खांबापाशी उभं केलं आणि सगळ्यांना हाकललं. “फक्त कपल. बेबीला जरा साइडला घ्या.” स्वरा नवी चप्पल फटक फटक वाजवत बाजूला गेली. एकदम गुरुजींचा आवाज आला, तोच मैदानापर्यंत पोचणारा. “ए फोटोवाल्या! बाकी टाकलीस!” फोटोवाला भांबावला. “कसली बाकी, काका? तुमी सगळं ॲडव्हान्सच दिलंय.” गुरुजींनी स्वराला दंडाला धरून आणलं आणि ढकलत माझ्या शेजारी उभं केलं. त्याच क्षणी फोटो निघाला.

स्वरा अवसरीला आली, आमच्या शाळेत जायला लागली, आईच्या कुशीत झोपायला लागली. वरातीत पोर कुणाचं, असं ज्या कुणी विचारलं असेल, त्याला आईनं काय उत्तर दिलं ते मला माहीत नाही. पण पुन्हा कुणी विचारलं नाही, म्हणजे उत्तर सणसणीत असणार.

मागे डिंगोऱ्यात गुरुजी एकटे राहिले. आम्ही किती वेळा सांगितलं, इकडे या, खोली आहे. बायको रडली, आई स्वतः जाऊन बोलावून आली. “मास्तर, मेंढराचं ऱ्हाऊ द्या, माणसासारखं चला.” गुरुजी ऐकेनात. “घोष काय हाय आपला? भागाकार पुढं, बाकी शेजारी, छेद जागच्या जागी. मी छेद हाय. छेद हलला तर सगळंच चुकतं.” मी चिडून एकदा म्हणालो की मामा, गणित आहे ते, पोथी नाही. “पावणं, पोथी असती तर मी कवाच सोडली असती,” असं म्हणून त्यांनी मला पिशवीभर मिरची दिली. मी गाडीत बसून मिरचीवर राग काढला.

शेवटी काही वर्षांनी गुरुजींना दवाखान्यात आणलं तेव्हा छाती भरलेली होती. श्वास लागत होता. मी उशाशी होतो. डोळे मिटूनच त्यांनी विचारलं, “किती वाजले?”

“पावणेसात,” माझ्या तोंडून निघून गेलं.

डोळे उघडले. नळी नाकात, तरी डोळ्यांवर नसलेला चष्मा कपाळावर सरकवायला हात गेला. “जावई,” ते म्हणाले, पावणंसुद्धा म्हणाले नाहीत, “सहा पूर्णांक तीन चतुर्थांश.” डॉक्टर म्हणाले, हे चांगलं लक्षण आहे. खरंच त्यानंतर ते काही दिवस चांगले बोलले. नर्सला त्यांनी सलाईनच्या बाटलीवरून अपूर्णांक शिकवले, आणि तिनं बिचारीनं ते सहनही केले. मग एका सकाळी गेले. बायको म्हणाली, आण्णा गेले तेव्हा किती वाजले होते ते मी बघितलं नाही, बघावंसं वाटलं नाही. मीही विचारलं नाही. मला अजूनही एखाद्या वेळी पावणेसहा म्हणताना जीभ अडते, आणि मग मला म्हाताऱ्याचा राग येतो की हे काय लावून गेला माझ्या मागं. आणि त्याची आठवण येते. दोन्ही एकदमच येतं.

दिवसकार्य झाल्यावर आई म्हणाली, लग्नाचा तो फोटो मोठा करून भिंतीवर लावू. इतकी वर्षं तो मोबाईलमध्येच पडून होता. मी आणि आई मंचरला फ्रेमवाल्याकडे गेलो. त्यानं फोटो पडद्यावर मोठा केला. मी, ही, माझ्या शेजारी तोंड उघडं टाकून पुढचा दात नसलेली स्वरा, पायात मोठी चप्पल. आणि अगदी कडेला, कुठूनतरी आत आलेला एक हात. पांढरी बाही, बोटांना खडू, स्वराच्या दंडाला टेकलेला. बाकीचे गुरुजी फोटोच्या बाहेर.

“हा कडेचा हात उडवतो,” फ्रेमवाला म्हणाला. “म्हंजे तयार फ्रेममधी बरोब्बर बसंल. दोन इंचानं काय व्हतंय?”

मी काही बोलायच्या आत आईनं त्याच्या मनगटावर हात ठेवला.

“हात ठिवा,” ती म्हणाली. “फ्रेम मोठी करा.”